सातवं बटण

शिवांजलीला दिसत नाही, हे खरं. पण तिला समजतही नाही असं जो धरून चालेल त्याची ती खैर ठेवत नाही, हेही तितकंच खरं. उमरग्यात हायवेला लागून तिच्या वडिलांचं, माणिकप्पांचं, ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान आहे. दिवसभर ट्रकवाले येतात, कुणी सोलापूरकडून, कुणी हैदराबादकडून. गल्ल्यामागं ही सव्वीस वर्षांची पोरगी बघून 'मालक कुठंयत' असं विचारतात. मालक जेवायला गेलेत, असं सांगून ती दोर बोटांत धरते आणि तो कितीचा, कसला, कुठं विरलाय ते पटापट सांगून टाकते. मग ट्रकवाला गुमान दोर घेऊन जातो.

मोजणं तिच्या अंगात मुरलेलं. घरापासून दुकानापर्यंत तीनशे बारा पावलं. दुकानाच्या पायऱ्या पाच, त्यातली तिसरी फुटकी. जन्मापासून डोळे नाहीत, तेव्हा जग जागच्या जागी राहिलं पाहिजे हीच तिची जगाकडून अपेक्षा, आणि उमरग्यात ते बऱ्यापैकी राहायचं. आई, नागम्मा, घरातली घागरसुद्धा हलवायची तर आधी ओरडून सांगायची.

अंधशाळेत शिकली, बी. ए. झाली, कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि परत येऊन दोर मोजत बसली. भावाचं लग्न झालं होतं. वहिनी चांगली होती, पण आज चांगली असलेली वहिनी दहा वर्षांनी काय म्हणेल हे शिवांजलीला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून धाराशिवच्या एका प्रतिष्ठानानं मदतवाणी केंद्र काढलं आणि फोनवर बसायला आठ अंध माणसं पाहिजेत असं कळवलं, तेव्हा तिचे कान टवकारले. जिल्ह्यातल्या दिव्यांगांचे फोन घ्यायचे, कुठली योजना, कुठला दाखला ते सांगायचं. राहायला वसतिगृह होतं. तिला फार काही नको होतं. तिला स्वतःची एक खुर्ची पाहिजे होती, जिच्यावर बसल्यावर 'माणिकप्पाची आंधळी पोरगी' असं कुणी म्हणणार नाही.

आता ह्या भरतीसाठी प्रतिष्ठानानं एक अ‍ॅप बनवून घेतलं. नाव काय, तर 'सुलभवाट'. नावं ठेवायला माणसं मोठी हुशार असतात.

ज्यांना दिसत नाही त्यांच्या फोनमध्ये एक बोलणारी बाई असते. बोट उजवीकडं ओढलं की पडद्यावरची पुढची गोष्ट ती वाचते, दोनदा टिचकी मारली की ते बटण दाबलं जातं. शिवांजलीनं बाईचा वेग इतका वाढवलेला की डोळसाला नुसती चिरचिर ऐकू यावी. पण अ‍ॅप बनवणाऱ्यानं बटणाचं नाव आत लिहून ठेवलं असेल तरच बाई ते सांगणार. लिहिलं नसेल तर ती बिचारी 'बटण' एवढंच म्हणते. 'सुलभवाट' उघडलं आणि बाई म्हणायला लागली: बटण. बटण. बटण. बटण. आंधळ्यांसाठी बनवलेलं अ‍ॅप, आणि आंधळ्यांशीच मुकं!

जिल्ह्यातल्या तीसेक अंध मंडळींचा फोनवर एक ग्रुप होता. सगळे आवाजातच निरोप टाकायचे. त्या दिवशी ग्रुपवर नुसता शिमगा झाला. परंड्याची शिवकन्या तर रडकुंडीलाच आली. ती विशीतली, आईला सोडून तिला दुसरं कुणी नाही, आणि आईला वाचता येत नाही.

शिवांजली रडणाऱ्यातली नव्हती. तिनं वडिलांना, अप्पांना, शेजारी बसवलं, पानं वाचायला लावली आणि स्वतः मोजत गेली. नाव-गाव, शिक्षण सगळं प्रतिष्ठानातल्या बाईंनी फोनवरच लिहून घेतलेलं, अ‍ॅपमध्ये प्रत्येक पानावर फक्त 'हो' की 'नाही' एवढंच दाबायचं होतं. आणि दुसऱ्याच पानावर तिला खुबी सापडली. प्रत्येक पानाची मांडणी एकच! वरची पाच बटणं कुठल्याही पानावर तीच. सहावं 'नाही'. सातवं 'हो'. दाबलं की पडद्यावर बरोबरची खूण यायची. ती खूणही चित्रच, बाई त्याला 'चित्र' म्हणायची, तेवढ्यावर समजून घ्यायचं.

तिनं ग्रुपवर निरोप टाकला. रडू नका, नुसतं मोजा, सहावं नाही, सातवं हो. दोन दिवसांत सगळ्यांचे अर्ज गेले. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. एकटा ईट गावचा महारुद्र तेवढा वाकड्यात शिरला. चाळिशीचा गडी, जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "शिवांजलीताई, उद्या त्यांनी फलाट बदलला तर तुमी सातव्यावर हुब्या राहून कुठल्या गाडीत बसणार? म्या तर आमच्या वहिनीकडून दाबून घेतो, ती बघून दाबती." शिवांजलीला राग आला. ह्या माणसाला आयुष्यभर वहिनीचं बोट धरूनच राहायचंय, असं तिला वाटलं.

तरी तिनं अ‍ॅप बनवणाऱ्या श्रीशैलला फोन केलाच. बटणांना नावं द्या म्हणाली, एका बटणाला अर्धं मिनिट लागतं, म्या शिकलेय, पायजे तर मी सांगते कसं ते. पोरगा बोलायला गोड होता. पुढच्या वेळी नक्की करू म्हणाला. मग म्हणाला, "पण ताई, तुम्हाला तर जमतंय की."

तिला ते कौतुक वाटलं. तिथंच ती पहिल्यांदा फसली.

उद्घाटनाला तिलाच बोलावलं. धाराशिवला मोठं सभागृह, पुण्याहून पाहुणे. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून बरोबर. प्रतिष्ठानाचे प्रमुख पंचाक्षरी साहेब स्वतः दारापर्यंत आले, लिंगायतांच्या रीतीनं अप्पांना 'शरणार्थ' म्हणाले, आणि आपलाच माणूस इतक्या वर बसलाय म्हणून अप्पा विरघळून गेले. शिवांजलीनं मात्र स्टेजवर जायच्या आधी साहेबांना गाठलं. म्हणाली, साहेब, बटणं बोलत नाहीत, मी आपली मोजून दाबते. साहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आज पाहुणे आलेत, आज नको म्हणाले. तू नीट करून दाखव, बाकी आपण नंतर बघू, आणि तुझं नाव माझ्या डोक्यात आहे.

नाव डोक्यात आहे! एवढ्या तीन शब्दांवर माणूस काय काय गिळतो.

हातात माइक होता. दोन मिनिटं होती. समोर खुर्च्या करकरत होत्या, तेवढ्यावरून तिनं दीडेकशे माणसं धरली. दीडशे माणसांसमोर 'हे अ‍ॅप मुकं आहे' असं ती म्हणू शकत होती. शब्द अगदी ओठावर होते. पण खुर्चीही डोळ्यासमोर होती, म्हणजे जिथं तिचे डोळे असायला हवे होते तिथं. तिनं माइक खाली ठेवला आणि फोन हातात घेतला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, टिचकी. पाच पानं तिनं एका दमात पार केली. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतला कुणीतरी म्हणाला, आपल्यालासुद्धा इतकं भरभर येत नाही.

शाल आली, नारळ आला, फोटो निघाले. आणि मग साहेबांनी एक कागद पुढं केला.

कागदाचं थोडं आधी सांगितलं पाहिजे. दिसत नसलेलं माणूस कुठल्याही कचेरीत गेलं की त्याच्यापुढं पहिल्यांदा शाईचा पॅड सरकवतात. बी. ए. असो की एम. ए., अंगठा लाव. शिवांजलीला त्याची भयंकर चीड. दहावीत असताना अप्पांनी पुठ्ठ्यावर बारीक सुतळी चिकटवून तिच्या नावाची अक्षरं करून दिली होती. त्या सुतळीवरून बोट फिरवून फिरवून तीन महिन्यांत ती सही शिकली. अनुस्वारापासून वेलांटीपर्यंत झोकदार सही. आणि तिनं एक नियम केला होता, कागद मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही. बँकेतल्या साहेबालासुद्धा तिनं एकदा चार पानं वाचायला लावली होती.

तर कागद आला, आणि कुणीतरी सवयीनं पॅड सरकवला. पंचाक्षरी साहेब त्या माणसावर गरजले. शिवांजली सही करते, पेन आणा, चांगला पेन आणा! आपला स्वतःचा पेन काढून त्यांनी तिच्या हातात दिला. आजवर कुठल्या साहेबानं असं केलं नव्हतं. शिवांजलीचा ऊर इतका भरून आला की तिनं विचारलंच नाही, काय लिहिलंय. चाचणीचा कागद आहे, असं साहेब म्हणाले, तेवढं तिला पुरलं. अप्पांना वाचता येत होतं, पण अप्पा शाल घडी करत होते.

तिनं झोकात सही ठोकली.

पुढचे दोन महिने बरे गेले असं म्हणायचं, पण नाही. शिवकन्या परंड्याहून एसटीनं धाराशिवला तक्रार घेऊन गेली, बटणं बोलत नाहीत म्हणून. तिला तिथं सांगितलं, उमरग्याची शिवांजली तर झरझर करते, तिला जमतं मग तुम्हाला का जमत नाही, जरा सराव करा. शिवकन्येनं हे फोनवर सांगितलं तेव्हा शिवांजलीला कानशिलात बसल्यासारखं झालं. आपल्या अंगातली हुशारी आपल्याच माणसांच्या तोंडावर मारताहेत, हे तिला स्वच्छ कळलं. साहेबांना फोन करावा असं तिला फार वाटलं. पण मुलाखती व्हायच्या होत्या. नंतर बोलू, खुर्चीवर बसले की आतून बोलू, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. शिवकन्येला म्हणाली, तू सातवं मोज गं, बाकीचं मी बघते.

मुलाखत फोनवर झाली, आणि फक्कड झाली. मग एका सकाळी प्रतिष्ठानातल्या बाईंचा फोन आला, तुमची निवड झाली, तीन दिवसांत अ‍ॅपवर संमती द्या. आठच्या आठ जागा ग्रुपातल्याच लोकांना मिळालेल्या! शिवकन्या होती, महारुद्रही होता. नागम्मांनी शेजारीपाजारी पेढे वाटले. कर्नाटकातल्या आळंदहून मावशीचा फोन आला. ती म्हणाली, यव्वा, आमच्या पोरानं ते तुमचं अ‍ॅप उघडून दाखवलं, उघडलं की पहिली तूच दिसतीस, शाल पांघरून, किती गोड फोटो आलाय. शिवांजली हसली. फोटोचं तिला काय करायचं होतं? ज्याला बघता येतं त्यानं बघावा.

संमती तिनं दुकानात बसून दिली. अप्पा बाहेर एका ट्रकवाल्याला ताडपत्री उलगडून दाखवत होते. त्यांना हाक मारावी असं क्षणभर मनात आलं, पण आपली नोकरी आपल्या बोटानंच घ्यायची असं तिनं ठरवलेलं होतं. बाई भरभर म्हणत गेली, बटण, बटण, बटण. सातव्यावर ती थांबली, टिचकी मारली. 'चित्र,' बाई म्हणाली. झालं. ग्रुपवर तिनं निरोप टाकला, मी दिली संमती, तुम्ही पण द्या, तेच आपलं सातवं.

आठवडा गेला, दहा दिवस गेले. रुजू कधी व्हायचं ते कुणी कळवेना. नागम्मांनी दोन नवे गाऊन शिवून ठेवले, वसतिगृहात लागतील म्हणून. शेवटी शिवांजलीनंच फोन लावला. पलीकडच्या बाई चाचरल्या. म्हणाल्या, अहो, तुम्हीच तर नकार दिलात. तुम्ही, परंड्याच्या त्या, सगळ्यांनीच. आठातले सात जण नको म्हणालात. एकट्या ईटच्या महारुद्रांनी तेवढा होकार दिलाय, ते कालच रुजू झाले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं बापलेक धाराशिवला गेले. पंचाक्षरी साहेबांनी चहा मागवला. माणूस वाईट नव्हता, ह्याचंच जास्त वाईट वाटतं. श्रीशैललाही बोलावून घेतलं. शिवांजलीनं चहाला हात लावला नाही. तिनं आपला फोन टेबलावर ठेवला आणि श्रीशैलला म्हणाली, ह्या पानावर वरपासून खालपर्यंत काय काय हाय ते एकेक वाच. सावकाश वाच.

श्रीशैल वाचायला लागला. "पहिला तुमचा फोटो. दाबला की उद्घाटनाचा व्हिडिओ लागतो. दुसरं मुखपृष्ठ. तिसरं माहिती. चौथं अर्ज. पाचवं भाषा. सहावं मदत. सातवं..."

"सातवं काय?"

"सातवं नाही. आठवं हो."

पंखा फिरत होता. शिवांजलीचं बोट टेबलावर नुसतंच एक ते सात मोजत राहिलं. पाहुण्यांना फोटो आवडला होता, म्हणून तो प्रत्येक पानाच्या डोक्यावर चढवला होता. त्यालासुद्धा आत नाव दिलेलं नव्हतं. बाई त्याला 'बटण'च म्हणत होती. आणि शेवटचं ते 'चित्र' बरोबरची खूण नव्हती, फुली होती. तिची खुर्ची तिच्याच फोटोनं एक घर पुढं सरकवली होती, आणि तिच्याबरोबर आणखी सहा जणांची.

तिनं साहेबांना सांगितलं, आम्ही सगळे हो म्हणत होतो. साहेब हळहळले, मनापासून हळहळले. पण वर कळवून झालं होतं. संधी दिली आणि सात जणांनी स्वतः नाकारली, असा अहवाल गेला होता, आणि अंधांना हे काम नकोच आहे असं धरून त्या जागांवर प्रतीक्षा यादीतली डोळस माणसं रुजूही झाली होती. शेजारच्या खोलीत त्यांचे फोन वाजत होते. भिंतीपलीकडं एक मुलगी गोड आवाजात कुणाला तरी म्हणत होती, मदतवाणी केंद्र, बोला, मी आपली काय मदत करू?

"अ‍ॅप मुकं हाय, हे म्या तुमाला उद्घाटनाच्या दिवशीच सांगितलं होतं साहेब," शिवांजली म्हणाली.

साहेबांनी फाईल उघडली. आवाजात राग नव्हता, उलट समजूत घालावी तसे ते बोलले. "बाळ, मग हे काय आहे?" आणि त्यांनी कागद वाचला. हे अ‍ॅप मी स्वतः तपासले असून, अंध व्यक्तीस ते कोणाच्याही मदतीशिवाय पूर्णपणे वापरता येते. खाली शिवांजली माणिकप्पा. "सही तुझीच आहे ना?"

कागद तिनं हातात घेतला. पेन दाबून केलेली सही मागच्या बाजूनं बोटाला लागत होती. अनुस्वार, वेलांटी, सगळं जागच्या जागी. अंगठा असता तर निदान म्हणता आलं असतं, मला काय कळतंय.

"म्या वाचायला पायजे होतं," अप्पा म्हणाले.

फोटो तरी काढा, असं शिवांजली म्हणाली. "हे अ‍ॅप आमी उघडतो. आमाला दिसत न्हाय. मग फोटो कुणासाठी?" साहेब म्हणाले, लोकांनाही कळलं पाहिजे ना, आपण दिव्यांगांसाठी काय करतो ते. फोटो काढायला वरून परवानगी लागेल. बटणांना नावं द्यायचं काम पुढच्या वेळच्या यादीत घातलेलं आहे, असं श्रीशैल म्हणाला. आणि पुढची भरती सोमवारपासून आहे, चार जागा, तू परत अर्ज कर, असंही साहेबांनी आवर्जून सांगितलं. अर्ज अर्थात अ‍ॅपवरूनच.

स्टँडवर उमरग्याची गाडी लागायची होती. अप्पा रसवंतीवरून दोन ग्लास घेऊन आले, एक तिच्या हातात दिला, आणि ती पीत नाही हे बघून त्यांनीही आपला तसाच धरून ठेवला. ग्रुपवर सकाळपासून निरोप साचले होते. शिवकन्येचा एकच होता, छोटासा. "ताई, म्या तर तुमच्यावर भरवसा ठेवून दाबलं." महारुद्रही बोलला होता, पण ह्यावेळी त्याच्या जिभेला हाड होतं. मी इथं आठ जणांत एकटाच आंधळा आहे, दुपारी डबा कुणाबरोबर खावा कळत नाही, एवढंच तो म्हणाला होता.

त्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. तिनं फोन तोंडाजवळ धरला. दोनदा बोलायला घेतलं आणि दोनदा पुसलं. सोमवार तीन दिवसांवर होता, आणि तिनं सांगितलं नाही तर ती सगळी माणसं पुन्हा सातव्यावरच जाऊन थांबणार होती. तिसऱ्यांदा तिनं घसा साफ केला.

"ऐका," ती म्हणाली, "सातवं न्हाय आता, आठवं. वरचं पहिलं बटण हाय ना, ते म्या हाय. मला ओलांडून मोजा."